आवाजाचा वेग

पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मला हसू आलं.

टेबलावरच्या स्पीकरच्या लाकडी खोक्यातून कुणीतरी चिमणीच्या गळ्यानं, एका श्वासात, घाईघाईनं म्हणालं, "माझं नाव वामन गावडे." सर्कशीतल्या विदूषकानं मुद्दाम काढावा तसा आवाज. मी खुदकन हसले आणि मग शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडे पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांनी मांडीवरची पाटी उचलली, पेन्सिलीनं दोन शब्द लिहिले आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

'हा नव्हे.'

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट, बार्शीतली. मी तिथं कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला म्हणून आले होते. क्लास वर्षभरात बंद पडला, मी मात्र परत गेले नाही. घरी का गेले नाही ते इथं सांगण्यात अर्थ नाही. भाजी मंडईच्या मागे एक गाळा घेतला आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. बाई स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेली बघायला सुरुवातीला लोक उगाचच डोकावून जायचे. पुढं तेही थांबलं.

गावडेसाहेब एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. सत्तावीस वर्षं त्यांनी एका जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारल्या. मग घशात गाठ निघाली, मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक ठेवलेलं होतं, त्यावर ते पांढरा स्वच्छ रुमाल बांधायचे. लग्न केलेलं नव्हतं. स्टँडपासून अर्ध्या किलोमीटरवर दोन खोल्यांत एकटेच राहायचे.

ऑपरेशनच्या आधी त्यांच्या ओळखीच्या एका पॉलिटेक्निकच्या सरांनी एक काम करून ठेवलं होतं. दोन दिवस प्रयोगशाळेत बसवून त्यांच्याकडून सगळी बाराखडी बोलून घेतली, आकडे बोलून घेतले आणि एक प्रोग्रॅम लिहिला. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचं, की प्रोग्रॅम एकेक अक्षर शोधायचा, जोडायचा आणि खोक्यातून गावडेसाहेबांच्याच आवाजात बोलायचा. प्रयोगशाळेत तो नीट बोलला होता. त्यांनी तो तिथं एकदाच ऐकला. मग सर परदेशी गेले. जाताना तीन फ्लॉप्या आणि आपला घरचा जुना कॉम्प्युटर देऊन गेले.

त्या जुन्या कॉम्प्युटरवर तो आवाज सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरसारखा यायचा. जड, लांबलेला, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. आणि एक वाक्य जुळवायला दीड मिनिट. त्यांनी तीन वर्षं तो कापडाखाली झाकून ठेवला होता. आता अचानक माझ्या दुकानात आले आणि पाटीवर लिहिलं, 'कॉम्प्युटर जलद करून पाहिजे. रविवारच्या आत.'

मी बोर्ड बदलला, प्रोसेसर बदलला, मेमरी चौपट केली, चांगली हार्ड डिस्क बसवली. सगळं वापरलेलंच, पण धडधाकट. वाक्य आता दोन सेकंदांत जुळत होतं. आणि आवाज झाला होता चिमणीचा.

कारण माझ्या लक्षात आलं. आवाजाच्या दोन ठोक्यांमध्ये जरा थांबावं लागतं. सरांनी ते थांबणं अगदी साध्या रीतीनं लिहिलं असणार : प्रोसेसरनं मनातल्या मनात अमुक एवढे आकडे मोजायचे, मग पुढचा ठोका. जुना प्रोसेसर रेंगाळत मोजायचा, नवा धापा टाकत मोजत होता. प्रोग्रॅम उघडून ते बदलणं माझ्या हातात नव्हतं. मूळ लिखाण सरांबरोबर गेलं होतं आणि सरांचा पत्ता कुणाकडे नव्हता.

"म्हणजे आता मशीनचा वेग कमी करत आणायचा," मी म्हणाले. "बोर्डावर छोट्या पिना असतात, त्या बदलून प्रोसेसरची गती उतरवता येते. आणि कॅश मेमरी बंद करता येते."

त्यांनी लिहिलं, 'कॅश म्हणजे रोकड?'

"नाही हो. प्रोसेसरच्या हाताशी ठेवलेली लहानशी मेमरी. पुन्हापुन्हा लागणारी गोष्ट तिथं ठेवतात, म्हणजे लांब जावं लागत नाही. एक प्रोसेसरच्या पोटातच असते, दुसरी बाहेर बोर्डावर. बंद केली की बिचाऱ्याला दर वेळी उठून लांब जावं लागतं. मग आपोआप सावकाश चालतो."

त्यांना ते आवडलं असावं. मान हलवून त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

गुरुवारची सगळी दुपार आम्ही त्यांच्या घरी त्यात घालवली. मी मशीन बंद करायची, पिना हलवायची, सुरू करायची, सेटिंगमध्ये जाऊन आतली कॅश बंद, बाहेरची चालू. मग बाहेरची बंद, आतली चालू. दर वेळी खोकं म्हणायचं, "माझं नाव वामन गावडे." कधी शाळकरी पोरगा, कधी पडसं झालेला म्हातारा. एकदा तर आवाज इतका बसला की वाक्य संपेपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत राहिलो. प्रत्येक जोडणी मी वहीत लिहून ठेवत होते. आतली कॅश चालू असली की आवाज फार चढायचा. ती बंद केली की माणसाच्या जवळपास यायचा. तिथून पुढं थोडं थोडं वरखाली करता येत होतं.

"हा?" मी विचारायची.

'चढा.'

"आता?"

'जड.'

पंधराव्या-सोळाव्या वेळी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग पुन्हा उचलून लिहिलं, 'कळत नाही. मला तो आतून माहीत होता. बाहेरून कसा होता ते बाहेरच्यांना ठाऊक.'

"शब्द तर सगळे कळतायत," मी म्हणाले. "थोडं इकडंतिकडं झालं तर चालेल की."

त्यांनी पाटी ओल्या फडक्यानं पुसली. 'नाही चालणार.'

"मग बाहेरच्या कुणाला तरी बोलवू. स्टँडवरच्या."

'कुणाला बोलवू नका.' खाली रेघ ओढली.

शुक्रवारी सकाळी मी त्यांना न विचारता स्टँडवर गेले. जाळीच्या खिडकीमागे एक तरुण मुलगी बसली होती. तिला गावडेसाहेब हे नाव नुसतं ऐकून माहीत होतं. चहावाला बदलला होता. शेवटी खांबाला टेकून बसलेला एक हमाल म्हणाला, "गावडेसाहेब? ते तर आपल्या गावाकडं गेले ना? ऑपरेशन झालं, त्यानंतर गेलेच म्हनत्यात."

"इथंच असतात. त्या पाण्याच्या टाकीपाशी."

तो उभाच राहिला. "टाकीपाशी? मी रोज तिथनं येतो-जातो की बाई."

त्याचं नाव यासीन. साठीचा असेल. वीस वर्षं तो त्या स्टँडवर ओझी वाहत होता. वाचता येत नव्हतं, त्यामुळं गाडीची पाटी त्याच्या कामाची नव्हती. कुठली गाडी कुठं लागली ते त्याला गावडेसाहेबांच्या आवाजावरूनच कळायचं. दुपारी तो माझ्याबरोबर त्यांच्या घरी आला. दारात चपला काढल्या, डोक्यावरचं मळकट लाल कापड काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "सलाम साहेब. किती वाळलात हो."

गावडेसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला निघून जावंसं वाटलं. मग त्यांनी यासीनला खुर्ची दिली. तो खुर्चीवर बसला नाही. भिंतीला टेकून जमिनीवर बसला.

मी सुरू केलं. नाव ऐकवलं, आकडे ऐकवले. यासीन डोळे मिटून ऐकायचा. "न्हाई. असा न्हवता." पुन्हा. "हे तर कुनी पोरगं बोलतंय." पुन्हा. "जवळ आलं. पर साहेबांच्या आवाजाला वजन हुतं बाई. गर्दीत बी ऐकू यायचं, ओरडायचे न्हाईत तरी." असं तासभर चाललं. त्यालाही आता खात्री वाटेना. "लई दिस झाले," तो म्हणाला.

मी मागच्या जोडणीपेक्षा गती एक पायरी उतरवली. आतली कॅश बंद ठेवली आणि बाहेरची चालू करून तिचं उत्तर देण्याआधीचं थांबणं तेवढं वाढवलं. मशीन सुरू केलं. मी नावच टाइप करणार होते, तेवढ्यात गावडेसाहेबांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. त्यांनी एका दमात बरंच काही टाइप केलं आणि एंटर दाबलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. बार्शीहून सोलापूरला जाणारी विनाथांबा गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे."

यासीननं डोळे उघडले नाहीत. आधी त्याचा हात हलला. कापड डोक्यावर गेलं, त्याचं चुंबळ झालं आणि तो गुडघ्यावर हात देऊन उठला, दाराकडे दोन पावलं गेला. मग थांबला. आपण कुठं आहोत ते त्याला कळलं. तो वळला आणि खोक्याकडे न बघता गावडेसाहेबांकडे बघत म्हणाला, "ह्योच."

मी वहीतल्या त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

तो गेल्यावर मी पिशवी भरायला लागले. गावडेसाहेबांनी मला थांबायची खूण केली. कपाटातून एक पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. ते चंदगडच्या बाजूच्या एका खेड्यातून आलेलं होतं. किराणा दुकानदारानं लिहिलेलं. 'आक्काची नजर गेली आहे. तुमची पत्रं मी वाचून दाखवतो. पण ती म्हणते, पत्र दुसरंच कोणी लिहीत असेल. तीन वर्षांत वामूचा आवाज नाही. तो जिवंत आहे काय ते खरं सांगा. रविवारी सकाळी अकराला ती आमच्या दुकानात फोनपाशी बसते.'

"आक्का म्हणजे?"

त्यांनी पाटीवर बारीक अक्षरात लिहिलं. मोठी बहीण. आई लवकर गेली, हिनंच वाढवलं. ऑपरेशनचं सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर जेवण सोडलं असतं तिनं. फोन बिघडलाय, बदली झालीय, काय काय सांगत आलो. पाटी भरली. त्यांनी ती पुसली आणि लिहिलं, 'रविवारी तुम्ही या. मशीन अडलं तर.'

रविवारी मी पावणेअकराला पोचले. त्यांनी दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर फोन, शेजारी खोकं, त्याचं तोंड रिसीव्हरकडे. काय बोलायचं ते एका कागदावर आधीच लिहून काढलेलं होतं, नऊ वाक्यं. पहिलं वाक्य त्यांनी टाइप करून ठेवलं आणि नंबर फिरवला.

रिंग वाजली. दुकानदार बोलला, मग खरखर झाली आणि एक म्हातारा आवाज इतक्या मोठ्यानं आला की मलाही स्पष्ट ऐकू आला. "वामू?"

त्यांनी एंटर दाबलं.

"आक का. मी वामू बोलतो आहे." प्रोग्रॅमला काही जोडाक्षरं जमायची नाहीत, तो ती तोडायचा. बाकी आवाज अगदी शुक्रवारचाच होता. वजनदार, खणखणीत.

मग, "कोन बोलतंय?"

"मी वामू. माझी तब्येत चांगली आहे."

"न्हाई. तुमी कोन सायेब? वामू कुटं हाय? त्येला द्या की फोन."

गावडेसाहेबांनी कागदाकडे पाहिलं, तिथं याला उत्तर नव्हतं. ते टाइप करायला लागले. तेवढ्या शांततेत तिचा आवाज बदलला. "तुमी ष्टँडावरनं बोलताय न्हवं? मोटे सायेब काय? सांगा की हो. खरं काय ते सांगून टाका."

"मी वामूच आहे," खोकं म्हणालं.

"गेला न्हवं माझा वामू?"

मग मला कळलं. तिनं त्यांना गाड्या पुकारताना कधीच ऐकलं नव्हतं. ती बार्शीला कधी आलीच नव्हती. सरांनी प्रयोगशाळेत बसवलं, समोर माइक ठेवला, तेव्हा या माणसानं सत्तावीस वर्षं माइकसमोर जसं बोलायचं तसंच बोलून ठेवलं. घरी बहिणीशी ते कसे बोलायचे ते यासीनला माहीत नव्हतं, मला नव्हतं आणि त्या फ्लॉप्यांत कुठंच नव्हतं.

तिकडं तिचं रडणं सुरू झालं. मोकळं, मोठ्यानं, माणूस गेल्यावर रडतात तसं. गावडेसाहेब भराभर टाइप करत होते. बोटं चुकत होती, खोकं 'का खा मू मू' असं काहीतरी निरर्थक, खणखणीत बोलत होतं आणि त्या प्रत्येक शब्दागणिक तिची खात्रीच पटत चालली होती. त्यांनी मूठ टेबलावर आपटली.

मी रिसीव्हर उचलला. त्यांनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"आक्का," मी म्हणाले, "ते आहेत. माझ्या शेजारी बसलेत. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज गेलाय त्यांचा. ते मशीन बोलत होतं."

मनगटावरची पकड सुटली.

"तू कोन गं?"

"मशीन दुरुस्त करते मी."

"जित्ता हाय?"

"आहेत. शप्पथ."

"त्येच्या तोंडाला लाव फोन."

"ते बोलू शकत नाहीत, आक्का."

"लाव म्हंतो न्हवं."

मी रिसीव्हर त्यांच्या तोंडाशी नेला. पण त्यांचा श्वास तिथून येत नव्हता. मग तो खाली घेतला आणि गळ्याच्या रुमालापाशी धरला. ते जोरजोरात श्वास घेत होते. रुमाल आत ओढला जायचा, बाहेर फुगायचा. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. माझा हात अवघडला. शेवटी रिसीव्हरमधून बारीक ऐकू आलं, "मी येतो तकडं." त्या बाजूच्या बायका असंच बोलतात, पुरुषांसारखं. फोन बंद झाला.

गावडेसाहेबांनी पाटीवर लिहिलं, 'तीन वर्षं सांभाळलं होतं.' मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी उठून दार उघडलं आणि दाराला धरून उभे राहिले. मी पिशवी घेतली आणि बाहेर पडले.

पाचव्या दिवशी यासीन दुकानात आला. डोक्यावर गाठोडं आणि मागं एक वाकलेली, काळीसावळी म्हातारी, एका हातानं त्याचा सदरा धरलेला. चंदगड, कोल्हापूर, सोलापूर, तीन गाड्या बदलून ती एकटी आली होती. दिसत जवळजवळ नव्हतंच. "फोनवर बोललीस ती तूच काय?" तिनं विचारलं. माझा हात चाचपून धरला. "चल माझ्यासंगट. मला ते मशीन ऐकायचं हाय."

मला जायचं नव्हतं. पण ती हात सोडेना.

दार त्यांनी उघडलं. पुढचं सगळं मी उंबऱ्याबाहेरून पाहिलं, कारण आत जायचा धीर झाला नाही. तिनं त्यांचं तोंड चाचपलं, कान चाचपले, मग हात खाली आला आणि रुमालावर थांबला. तिनं तिथं दाबलं नाही, उचललंही नाही. नुसता ठेवला. रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "लाव ते तुजं मशीन."

ते कीबोर्डपाशी बसले. बराच विचार करून दोनच शब्द टाइप केले.

"चहा घेणार?" खोकं म्हणालं.

"घेतो की," ती चटकन पदर सावरत म्हणाली. "पर तुमी कशाला तरास घेताय सायेब?"

मग तिच्या लक्षात आलं आणि ती तोंडावर हात घेऊन हसायला लागली. गावडेसाहेबही हसत होते. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खोलीत आवाज फक्त तिचा होता. मी पायऱ्या उतरून आले.

आठ दिवसांनी ती त्यांना घेऊन गावी गेली. जाताना यासीनच्या डोक्यावर मशीन, खोकं आणि फ्लॉप्या माझ्याकडे पाठवून दिल्या. सोबत चिठ्ठी होती. 'तिला मशीन नको. पाटीही नको म्हणते, हात धरून कळतं म्हणते. ज्याला लागेल त्याला द्या. आपला, वा. गावडे.' रागाविषयी काही नव्हतं, आभाराविषयीही नव्हतं. त्यानंतर त्यांची काही बातमी मला मिळाली नाही. पुढच्या वर्षी मी बार्शी सोडली.

मशीन एका टायपिंग इन्स्टिट्यूटनं मागितलं. द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी ते बाकावर घेतलं. डिस्क पुसायची होती, कॅश चालू करायची होती, पिना पुन्हा जलद जागी लावायच्या होत्या. बाहेर मंडईत दुपारची सामसूम होती. मी प्रोग्रॅम सुरू केला आणि माझं नाव टाइप केलं.

"सुनेत रा," गावडेसाहेब म्हणाले.

त्या गावात मला गिऱ्हाइकं मॅडम म्हणायची, घरमालकीण 'वरच्या बाई' म्हणायची. तीन वर्षांत माझं नाव मोठ्यानं कुणी घेतलेलं नव्हतं. मी पुन्हा एंटर दाबलं. मग आणखी किती वेळा दाबलं ते मोजलं नाही.

डिस्क पुसली. कॅश चालू केली. मशीन छान पळतंय असं इन्स्टिट्यूटवाले नंतर सांगत होते. फ्लॉप्या तेवढ्या मी दिल्या नाहीत. अजून माझ्याकडे आहेत, वहीचं ते पानही आहे. फ्लॉपी वाचणारं मशीन शोधलं तर कुठंतरी मिळेलही, पण इतकं सावकाश चालणारं आता कुणी ठेवत नाही.